शाळेच्या फाटकाची चाबी

३ फेब्रुवारी
माझं आयुष्य आज सकाळी बदललं. आमच्या भातकुलीच्या शाळेच्या फाटकावर जुईली चढली होती. तिला पोलीस भरतीसाठी पळायचं आहे अन् मैदानाला कुलूप. चौकीदारानं हाकललं. मी म्हटलं, मी उघडून देतो. ती हसली. आता बाकी सगळं किरकोळ.

५ फेब्रुवारी
मुख्याध्यापक देवीदास सरांच्या टेबलावर हात आपटला. मैदान, हॉल, सकाळी सगळ्या पब्लिकला उघडं पाहिजे. सर म्हणाले, एखादा जबाबदार माणूस आण, त्याच्याकडे चाबी देतो. म्हटलं, मीच. सरांनी ड्रॉवर उघडला, बंद केला, परत उघडला. शेवटी दिली.
बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलं, आता शाळेत चालला." ताट सरकवून उठलो. भूक लागली आहे.

११ फेब्रुवारी
संकल्प : उद्यापासून मी पण पळणार. भरती दोघांनी सोबत. आज जमलं नाही, फाटकावर कोणीतरी लागतं. आमच्या गल्लीतली पार्बताबाई शुगरसाठी चालते. हॉलमध्ये बायांचा योगा, म्हाताऱ्यांचा कॅरम. सगळ्यांना कोणी ना कोणी आहे. मला पण आहे. फक्त ती मैदानाच्या त्या टोकाला असते.

२ मार्च
महत्त्वाचं. जुईली सगळ्या पोरांना दादा म्हणते. तिच्यासोबत पळणाऱ्या शुभमलाही शुभमदादा. मला एकदाही नाही. आज म्हणाली, "तुमी स्टॉपवॉच लावता का?" नुसतं तुमी. समजणाऱ्यानं समजावं.

१९ मार्च
शुभम तिला म्हणाला, "हळू पळून राहिली तू." त्याची कॉलर धरली. जुईली ओरडली, "सोडा त्याले, माझा टाइम पाहा." भांडणात मला लागेल म्हणून घाबरली असणार. पळणं सोमवारपासून.

२१ एप्रिल
ती मैदानी चाचणीत पास. आता लेखी. ती झाली की मनातलं सांगायचं, आत्ता सांगितलं तर तिचा अभ्यास बिघडेल. माझा फॉर्म भरायचा राहून गेला. बरंच झालं. दोघंही पोलीस झालो तर घर कोण पाहील.

८ जून
तिचं सिलेक्शन झालं. मी नवा शर्ट घातला. वाक्य पाठ होतं. ती पेढे घेऊन आली, पहिला मला दिला. म्हणाली, "तुमच्यामुळं झालं, सर." अन् सगळ्यांसमोर वाकून पाया पडली. माझ्याहून एका वर्षानं लहान आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोंडात पेढा होता. डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार.
ट्रेनिंगला अकोल्याला चालली. अकोला काही लांब नाही.

२० जून
मेसेज आला. "गुड मॉर्निंग सर." खाली गुलाब. दिवसभर उघडून पाहिला. संध्याकाळी शुभमनं त्याचा मोबाइल दाखवला. तोच गुलाब. त्याला "दादा" लिहिलं आहे. दादा निदान घरातला असतो.

२३ जून, पहाटे
आज फाटक उघडणार नाही. चाबी देवीदास सरांच्या टेबलावर फेकून येणार. ठरलं. कोणासाठी उघडायचं?
बाहेर पार्बताबाई आली आहे. "सर, उठले का जी? माहे पाय आखडून राहिले."
आता ही पण सर म्हणते.
चाबी खिशातच आहे. आई झोपली आहे. निघतो, दार हळू ओढून घेतो.