वरच्या आवाजाची वही

एक्झेटर, ३ सप्टेंबर १६६०

ती. थॉमसिनताईस अँब्रोजचा शि. सा. न. वि. वि.

इथे सगळे खुशाल. कॅथेड्रलच्या मधोमध दोन पंथांनी घातलेली विटांची भिंत काल पाडली, आणि निम्मं गाव धुळीनं पांढरं होऊन नाचत घरी गेलं! हद्दपार झालेला राजा परतला तशी आमची बंद पडलेली गायकमंडळीही परतली. पोटं सुटली आहेत, आवाज बसले आहेत, पण उत्साह दांडगा. ऑर्गनचं मात्र नाव नको. लढाईत सैनिकांनी त्याच्या नळ्या पिपाण्यांसारख्या वाजवत नेल्या आणि बिअरपायी विकल्या, तुला आठवत असेलच.

पुढच्या महिन्यात पहिली मोठी प्रार्थना आहे. तीत आपल्या बाबांनी रचलेलं स्तोत्र गायचं ठरलं आहे. खालच्या तीन आवाजांच्या वह्या बाबांच्या पिठाच्या पेटीत सापडल्या. वरच्या आवाजाची वही फाडून सैनिकांनी चिलमी पेटवल्या. लहानपणी तो आवाज मीच गायचो, पण पहिल्या ओळीपुढे डोकं कोरं! पोरांना तयार करायला वेळ नाही, म्हणून तो भाग बाबांचा जुना शागीर्द वॉट पेथीब्रिज आपल्या लाकडी शिंगावर वाजवणार. पण वाजवणार काय? महिनाअखेरपर्यंत सूर मिळाले नाहीत तर दुसऱ्याचं स्तोत्र घेतील, आणि बाबांचं कायमचं बुडेल. तुझ्याकडे एखादं पान आहे का?

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा अँब्रोज

क्रेडिटन, ७ सप्टेंबर

चि. अँब्रोज यास अनेक आशीर्वाद.

पान कुठलं रे? पण शहाण्या, ते स्तोत्र तू सहा आठवडे घरात घोकत होतास, आणि मी चुलीपाशी सायीसाठी दूध तापवत ऐकत होते. बाबा तुझ्या पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते, ते वाहत माझ्याकडे आलं! मुलीनं गायचं नाही म्हणून तोंड मिटून बसले, एवढंच. सूर लिहायला मला कुणी शिकवलं नाही. वॉटला इकडे धाड, शिंगासकट.

ताईची आठवण ठेव, कामापुरती नव्हे.

थॉमसिन

क्रेडिटन, २४ सप्टेंबर

चि. अँब्रोजला आशीर्वाद.

वॉट काल परतला. चार दिवसांत स्तोत्र आणि साईची तीन भांडी, दोन्ही फस्त! मी गायची, तो फुंकायचा. शेवटच्या कडव्याशी आला की बाबांच्या आठवणीनं त्याचे डोळे भरायचे. मी दटावलं, की रडायचं ते घरी. प्रार्थनेला मीही येते. मागच्या बाकावर गुपचूप बसेन.

गळ्याला मध लाव. लोभ आहेच.

थॉमसिन

एक्झेटर, १५ ऑक्टोबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

प्रार्थना संपताच भावोजींच्या गाडीत बसून पळालीस, म्हणून हे लिहावं लागतंय. शेवटच्या कडव्याला वॉट गहिवरला, शिंग मुकं झालं. आणि मागून तुझा आवाज आला! ताई, तो इतका मोकळा होता की आम्ही म्हातारे बैल नुसते त्याच्यामागे चाललो. मी रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

नंतर कॅथेड्रलचे प्रमुख डीनसाहेब, त्यांनी मला बोलावून कोण गात होतं ते विचारलं. भीतभीत सांगितलं, की फाटलेली वही माझ्या ताईला पाठ आहे. ते म्हणाले, की असली वही क्रेडिटनला ठेवणं बरं नव्हे. येत्या गुरुवारपासून इथे आठ मुलं गाणं शिकायला तुझ्यापुढे बसणार आहेत.

न्यायला मीच येतो. साय तयार ठेव.

तुझा पालथा घडा,
अँब्रोज