वेनची शेवटची मॅच

पुनावळे

छबूअक्का, लांबूनच पाया पडते.

न्हाई गं, मी आजारी न्हाई. फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला, त्याचं कारण निराळं हाय. दाजींना सांग, मेहुणी अजून तुमच्या घोरण्यापेक्षा मोठ्यानं बोलती.

मी स्वयंपाक करते त्या लॉजवर टेनिसच्या पोरी उतरल्यात. त्यातली एक चीनची, वेन. जगात तिचा नंबर सातशेच्या पुढं. मी म्हणलं, तुला नंबर तरी हाय, मला चौथीतबी न्हवता. मोबाईलनं तिला चिनीत सांगितलं, तशी लई हसली.

दहा वर्षं अशीच बॅग घेऊन हिंडली. इथं पहिलीच मॅच हरली तर खेळ सोडायचा, असं आईला कबूल करून आलेली.

परवा जिंकत आली होती, अन् मधेच पोट धरून खाली बसली. दोनदा बाहेर पळाली. मग उभंच ऱ्हाता येईना. हरली. तवापासून दार लावून बसलीय, जेवत न्हाई. उद्या तिचं विमान हाय.

समदी म्हणत्यात, पाणी बाधलं.

तुझा गुडघा कसा हाय?

अक्का, पाणी न्हाई बाधलं. मॅचला निघताना मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तिनं पोटाकडं बोट करून नको म्हणलं. मला वाटलं, लाजती. आमचं मालक गेल्यापासून कुणाला असं दिलं न्हवतं, म्हणून चेष्टा करत वाटीभर चारली. तिला ठावं हाय. तिनं माझं नाव कुणाला सांगितलं न्हाई, अन् मीबी न्हाई.

तुझी धाकटी,
शेवंता