साहेबांचं टपाल

४ ऑक्टोबर १९७६, सातारा
आज हजर झालो. पलटणीत पंधरा वर्षं कारकुनी केली, आता घराजवळ सरकारी नोकरी! आई कुंडलला एकटी, दर रविवारी जाता येईल. बंगला ऐसपैस, चहा फक्कड. काम एवढंच, लोकांची पत्रं वाफेवर उघडायची, नक्कल काढायची, पुन्हा चिकटवायची. खात्याला नाव नाही, फाटकाला पाटी नाही. शेजारच्या टेबलावरचे नानासो म्हणाले, लय सोपं हाय, वाचायचं आन् इसरायचं. पहिलं जमेल, दुसऱ्याचं बघू.

१९ ऑक्टोबर
खात्याचे मोठे साहेब पाहिले. साधा बुशशर्ट, दम्याचा त्रास, म्हणून साताऱ्याची हवा. एक मंत्री भेटीला आले होते, पाऊण तास व्हरांड्यात स्टुलावर बसून राहिले. शिपायालाही नमस्कार करत होते. आणीबाणीत ज्यांना सगळे घाबरतात, त्यांची ही गत! नानासो म्हणतात, परतेकाचं एक पाकीट साहेबांच्या कपाटात हाय. मला गंमत वाटली.

२ डिसेंबर
गंमत संपली. टपालात कृष्णातचं अक्षर. माझा धाकटा भाऊ, साखर कारखान्यातल्या कामगारांचा पुढारी, वर्षभर भूमिगत. आईला लिहिलंय, संक्रांतीला पाटणला मामाकडे येतो. मी नक्कल काढली नाही. पत्र चिकटवून पुढे सारलं. पण पाटणला पोलिसांचा पहारा आहे, हे मला इथल्याच कागदांवरून ठाऊक आहे.

५ डिसेंबर
रविवारची सुट्टी बंद झाली. खोलीबाहेर पाळतीवर एक सायकलवाला उभा असतो. जाता येत नाही, म्हणून युक्ती केली. मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो आणि तसलं पत्र इथेही कुणी उघडत नाही, नानासो कपाळाला हात लावून पुढे सारतात. मामाला तसंच पत्र टाकलं. कृष्णातला पाटणला येऊ देऊ नका.

१५ जानेवारी १९७७
काल कृष्णातला पाटणच्या एसटी स्टँडवर उचललं. साहेबांनी बोलावलं. माझं पत्र त्यांच्या टेबलावर. म्हणाले, कोपरा फाडलेली पत्रं ते स्वतः वाचतात. कृष्णात पाटणला येणार, हे त्यांना माहीतच नव्हतं. मीच कळवलं. मला शिक्षा नाही, चहा पाजला.

२२ मार्च
सरकार पडलं. पोवई नाक्यावर गुलाल, पेढे. तुरुंगातले सुटले. कृष्णात कुठल्याच यादीत नाही. साहेब जागच्या जागी.

९ एप्रिल
नव्या मंत्र्यांना भेटून अर्ज दिला, सगळं लिहून. ते स्वतः तुरुंग भोगून आलेले. पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं.

१२ एप्रिल
तो अर्ज आज आमच्या टपालात. वर मंत्र्यांच्या हातचं, 'साहेबांनी योग्य ते करावे.' आणि ते स्वतः बाहेर — व्हरांड्यात — स्टुलावर.

१४ एप्रिल
साहेब म्हणाले, आई वाट बघत असेल. कृष्णातचं अक्षर तुम्हाला येतं. त्याच्या नावाने महिन्याला एक पत्र लिहा. विचारलं, तो जिवंत आहे का. चष्मा पुसत राहिले. सायकलवाला आता कुंडलला असतो, आईच्या दारासमोर —

३० एप्रिल
आईचं उत्तर. शेजारणीकडून लिहवलेलं. "किस्ना, पत्र पोचलं, लय बरं वाटलं. नाथाला कळू दिऊ नगंस. त्यो सरकारी माणूस हाय." तो सरकारी माणूस मी. मीच उघडलं, मीच —

१४ मे
दुसरं पत्र. त्याचं अक्षर आता सहज येतं, याचीच भीती —
तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. पुढच्या महिन्यात