दोन वाचनांच्या मधले दिवस

३ सप्टेंबर २०१९, मंगळवार

मे महिन्यानंतर आज वही उघडतेय. माफ कर. कामाचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे स्वतःशी बोलणं टाळत होते.

आज नगरपरिषदेत पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचं पहिलं वाचन झालं; मतदान दुसऱ्या वाचनाला, सोळा तारखेला. इंटरनेटच्या जोडणीवर कर घ्यायचा नाही, असा वॉशिंग्टनचा कायदा. आमच्या साउथ डकोटाला तो घेत राहायची जुनी सवलत होती, ती पुढच्या जूनअखेर संपतेय. आमच्यासारख्या नऊशे वस्तीच्या गावाला विचारलं कुणी? छे! गावाची हिशेबनीस मी, त्यामुळे तुटीचा आकडा माझाच — वर्षाला चौदा हजार डॉलर. महापौर व्हर्लिन टॉफ्ट लगेच म्हणाले, "म्हणजे ग्रंथालयच बंद करायचं की!" म्हणजे ग्रंथपाल आर्लिसची नोकरी. एकोणीस वर्षांची. ज्यांच्या शेतावर जोडणी पोचतच नाही, ती माणसं तिच्याकडे येऊन अर्ज भरतात. कर माफ व्हायचा इतरांचा, आणि दार बंद व्हायचं यांचं!

आर्लिस मागच्या बाकावर विणत बसली होती. टाके मोजत असावी. वर बघितलं नाही.

५ सप्टेंबर

सवलत चालू ठेवा म्हणून आमच्या खासदाराला पत्र गेलं. व्हर्लिनची सही, माझा आकडा.

११ सप्टेंबर, बुधवार

आईकडे जेवायला. टेबलावर टेलिफोन सहकारी संस्थेचं बिल पडलं होतं. फोन आणि टीव्ही. खाली गावाचा कर.

आईकडे इंटरनेट नाहीच!

चमचा ठेवून बिल पुन्हा वाचलं. संस्था फोन, टीव्ही, इंटरनेट सगळं एकाच बिलात लावते. राज्याकडून येणाऱ्या कराच्या यादीत संस्थेची एकच ओळ असते, आणि गावात सगळेच तिला 'इंटरनेटवाले' म्हणतात. मी ती अख्खी ओळ इंटरनेटची धरली. फोनवरचा, टीव्हीवरचा कर तर बंद होणारच नाही! "सूप गार होतंय," आई म्हणाली. "चेहरा काय असा झालाय?"

१२ सप्टेंबर

संस्थेकडून बिलांची फोड मागवली. खरी तूट पाच हजारांच्या आतच.

व्हर्लिनकडे धान्याच्या गोदामावर गेले. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे म्हणून चौघं फासे टाकत होते. व्हर्लिनना बाजूला घेऊन सांगितलं.

"अगं जेनेल, पत्र गेलंय. आकडा पेपरात छापून आलाय. पाच हजारांसाठी वॉशिंग्टनला मान तरी वर करेल का कुणी?"

"पण तो खोटा आहे."

"मोठा आहे. खोटा कसला! अन्याय तर खरा आहे ना?"

अन्याय खरा आहे. फोडीचा कागद खिशात घालून निघाले.

१३ सप्टेंबर

आर्लिसला आधी सांगू? की दुसऱ्या वाचनापर्यंत थांबू? रीतसर सभेतच बोलावं, असं ठरवलं. रीत म्हणून की भीती म्हणून? दोन्ही.

१५ सप्टेंबर

चर्चमध्ये आर्लिस दोन बाकं पुढे. मी मागच्या दाराने निघाले. शी!

१६ सप्टेंबर, सोमवार

दुसऱ्या वाचनाला बोलले. "चूक माझी. चौदा हजार नाहीत, पाचही नाहीत." कुणीतरी हसलं, "चला, वर्षात एकदा तरी हिशेब आमच्या बाजूने चुकला!" व्हर्लिननी माझ्याकडे बघितलं नाही. ग्रंथालय पाच विरुद्ध एक मतांनी वाचलं. खासदाराला दुरुस्तीचं पत्र जाणार, आणि त्यावर सही माझी.

आर्लिस आली नव्हती. वाटलं, धीर झाला नसेल.

१७ सप्टेंबर

सकाळी आर्लिस ग्रंथालयाच्या किल्ल्या घेऊन कार्यालयात आली. "ऐकलं गं काल बोललीस ते. बरं केलंस. पण यँक्टनच्या शाळेतल्या नोकरीला मी शनिवारी होकार दिला. आता शब्द फिरवायचा कसा?"

शनिवारी. मला बुधवारपासून माहीत होतं.

उद्या: 'ग्रंथपाल पाहिजे' — पेपरासाठी जाहिरात लिहायची.