माळावरचा चौथा चौकोन

प्रिय स्नेहल,

तू बंगळुरूला सुखरूप आहेस, तेवढंच एक समाधान. इथं खरं काय झालं ते लिहितो. तुझ्या गवताच्या अभ्यासाला देणगी देणारी ती गंगापूर रोडवरची संस्था. तिनं चेक देण्याचा सोहळा आपल्याच माळावर ठेवला आणि मांडवासाठी, गाड्यांसाठी गवत कापलं. तू अभ्यासासाठी सुतळीनं आखलेला चौथा चौकोन, त्यातल्या तीन वर्षं जपलेल्या पवन्या गवतासकट, यंत्रानं तासाभरात भुईसपाट केला. आणि वर फलक काय, तर ‘गवताळ माळ वाचवा’! तू नव्हतीस म्हणून शाल-नारळ माझ्या हातात दिला. मी घेतला.

दसऱ्याआधी त्या माळाला विळा लागत नाही. बी गळून पडतं, पहिली पेंढी देवीपुढे जाते, मग कापणी. शाळेत असताना मी वासरासाठी मूठभर उपटलं होतं, तर वडिलांनी मला देवळात उभं करून माफी मागायला लावली. हे सगळं त्या संस्थेच्या मयुरेशसाहेबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, “काका, गवतच आहे ना? पुन्हा उगवेल.” अहो, गवतच आहे तर अभ्यासाला पैसे कशाला देता?

मग त्यांनी तुला पत्र पाठवलं, की चौकोन माळावर शेळ्या चारणाऱ्या मंगळूच्या शेळ्यांनी खाल्ला. फोनवर तू मंगळूला काय काय बोललीस! ग्रामपंचायतीनं त्याला माळ बंद केला. चाऱ्याविना त्यानं दोन शेळ्या विकल्या. काल वाटेत भेटला. “अण्णा, त्या दिशी माझ्या शेळ्या दावणीलाच व्हत्या. तुम्ही तर पाह्यलं ना?” मी मान खाली घालून तसाच पुढं चालत राहिलो.

त्या पत्राखाली साक्षीदार म्हणून सही कुणाची आहे, ते तू नीट पाहिलं नसशील. माझी आहे. सही केली नाही तर पुढच्या वर्षीचे पैसे थांबतील, असं ते म्हणाले, आणि मला फक्त तुझं शिक्षण दिसलं. तेव्हापासून देवळात जातो, पण देवीकडे बघवत नाही. आज सकाळी ग्रामपंचायतीत खरं काय ते लिहून दिलं. प्रत सोबत आहे, तुझ्या कॉलेजच्या मॅडमना दाखव. अहवालात शेळ्या लिहू नकोस, यंत्र लिही. पैसे बंद झाले तर होऊ देत. हे पत्र टाकून मी मंगळूच्या घरी जातोय. तूही त्याला फोन कर.

तुझाच, खरं सांगायला उशीर केलेला,
अण्णा