ऑटमचं बारसं

ईडन प्रेरी, अमेरिका, ऑक्टोबर १९८४

शालूवन्सं,

नमस्कार. रविवारी बारशाला इथे येऊन आत्या म्हणून तुम्ही लेकीच्या कानात 'पद्मिनी' म्हणणार. काल फोनवर म्हणालात, "अगं नंदा, ऑटम म्हणजे पानगळ ना? असलं नाव कुणी ठेवतं?"

ते नाव नर्सनं ठेवलं. सातव्या महिन्यात झालेली पोर काचेच्या पेटीत श्वास घ्यायला विसरायची. नर्स तळव्याला टिचकी मारून म्हणायची, "ऑटम! पानं पिवळी झाली की घरी जायचंय ना?" तेवढ्यानं ती पुन्हा श्वास घ्यायची. पूर्वी इंग्रजीत या ऋतूला सुगीच म्हणत, असंही तिनं सांगितलं.

अजूनही ती कधीतरी श्वास विसरते. हे तुम्हाला सांगवत नाही, हे पत्रही पोस्टात टाकवत नाही.

कानात पद्मिनीच सांगा. पण मांडीवर ती निपचित झाली, तर ऑटम म्हणूनच हाक मारा.

तुमची,
नंदा