साफसफाईचा महिना

३ फेब्रुवारी, रविवार. सकाळचे सव्वासात. पटाशीला धार लावून आत्ताच हात पुसले.

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या छोकरीच्या शाळेतल्या बाईंनी चालू महिन्याच्या नावाचा अर्थ विचारला, आणि तू तो प्रश्न आठवीत शाळा सोडलेल्या भावावर ढकललास! तरी वाचनालयात दोन पुस्तकं ताडून पाहिली, उगाच तिची फजिती नको. जुन्या रोमन लोकांत ‘फेब्रुआ’ नावाचा शुद्धीचा विधी असे, त्यावरून फेब्रुवारी. त्यांचं वर्ष मार्चात सुरू होई, म्हणून सरत्या वर्षाची घाण या शेवटच्या महिन्यात काढायची. तिला शुद्धलेखन तपासून उतरवायला सांग.

तूही झाडलोट काढलीस तर बाबांच्या शेडमधल्या फळ्यांना मात्र हात लावू नकोस. वारा खेळावा म्हणून मधे पट्ट्या घालून त्यांनी जाण्याआधी माझ्यासाठी रचल्यात, त्या तशाच वाळू देत. जूनमध्ये मिस्त्रींकडची माझी उमेदवारी संपली की पहिलं कपाट त्या फळ्यांचंच करीन. ते दाखवूनच गिऱ्हाईक मिळेल आणि माझं दुकान उभं राहील. नवं लाकूड घ्यायची माझी ऐपत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. छोकरी नुसती मिरवते आहे.

आता रागावू नकोस. तुझं पत्र वाचलं आणि म्हटलं, महिनाच साफसफाईचा आहे तर शेडही काढू. बघते तर फळ्यांना वाळवी! खालच्या पार पोखरलेल्या. ह्यांनी सगळ्या ओळखीतल्या एकाला मिळेल त्या भावात देऊन टाकल्या. तुझ्या शब्दावरच केलं म्हणायचं. लाकूड काय, कुठंही मिळेल. तुझा हात तर कुणी विकला नाही ना?

सर्दी कशी आहे? वाफ घे. आळस करू नकोस.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं. सगळे जेवायला गेलेत, मी रंध्यापाशीच बसलो आहे.

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

वाळवीचं वाचून माझीच मला लाज वाटली, की मी येऊन बघितलं का नाही. मिस्त्रींना तसं सांगितलं, तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, कसली वाळवी? जानेवारीत तुझे भाऊजीच टेम्पो भरून माल घेऊन आले. तू बाहेरच्या कामावर होतास. पोराला वडिलांची आठवण येऊन वाईट वाटेल, विषय काढू नका, असं ते बजावून गेले.

ताई, तो माल शाळेच्या बाकांसाठी मीच चिरला. इतकं कोरडं, सरळ लाकूड हाताखाली आलं म्हणून दिवसभर शीळ घालत होतो. एका फळीला वाळवीचं भोक नव्हतं. बाक परवाच रवाना झाले.

म्हणजे मी पत्र लिहिलं तेव्हा शेड रिकामीच होती. मी सांगितलेला महिना तू माझ्याच माथी मारलास.

भाऊजींचं सोड. पण फळ्यांची दोन्ही टोकं वीतभर ताजी कापलेली होती. टोकांना चिरा जाऊ नयेत म्हणून बाबांनी आपल्या दोघांना हिरवा रंग लावायला बसवलं होतं. तुझा ओघळला म्हणून मीच रडलो होतो. तो रंग मी कुठंही ओळखला असता, आणि हे भाऊजींना ठाऊक नव्हतं. मग टोकं का कापली?

तेवढंच कळव. लोभाचं त्यानंतर बघू.

तुझा भाऊ

२४ फेब्रुवारी

चि. भावास,
आशीर्वाद.

ह्यांचं काम सुटून पाच महिने झालेत. तुला कळवलं असतं तर तू फळ्या आपणहून दिल्या असत्यास, हे मला माहीत होतं. मग जन्मभर धाकट्याच्या उपकाराखाली मान घालून राहायचं, ते मला झेपलं नसतं. तुझ्या मिस्त्रींइतका भाव दुसरं कुणी देईना.

टोकं ह्यांनी कापली. कुठून कापायची ते मी दाखवलं.

लोभ मागायला तोंड नाही.

ताई